किंडर स्काउट : कड धरून चालण्याचा डोंगर

इंग्लंडमधील मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मधोमध, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात, किंडर स्काउट नावाचे एक विस्तीर्ण, ओलसर आणि जवळजवळ वृक्षहीन पठार आहे. त्याची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ६३६ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्यालाही ती पोहोचत नाही. हा आकडा वाचून सह्याद्रीत पाय मुरलेली मंडळी या डोंगराला हलक्यात घेतात आणि नेमकी तिथेच फसतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नुकतेच इंग्लंडला आलेल्या, आणि सुट्टीच्या दिवशी पाय मोकळे करायला डोंगर शोधणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. मी या पठारावर सर्व ऋतूंत गेलो आहे, आणि पहिल्या खेपेला मला कोणी सांगायला हवे होते ते सारे येथे क्रमाने सांगतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. किंडर चकवतो तो उंचीने नव्हे, तर सपाटपणाने. आपल्याकडे वाट चुकली तरी समोर सुळका असतो, बुरूज असतो, खिंड असते, आणि काहीच नसले तर खाली एखादा धनगरवाडा असतो. किंडरच्या माथ्याला शिखर असे नाहीच. चहूबाजूंनी खडकाळ कड आणि मध्ये किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली काळपट जमीन, अशी त्याची रचना आहे. कडेवर तुम्हाला दरी दिसते, दिशा कळते आणि पायाखाली वाट असते, तर मध्ये यांपैकी काहीही नसते. म्हणून नवख्याने पहिल्या दोन-तीन खेपांना कड सोडू नये. पुढील सर्व सूचना याच एका नियमाभोवती फिरतात.

आधी जमीन ओळखा

अशा उंच, ओल्या, झुडपी माळाला इंग्रजीत मूर म्हणतात. आपल्या कासच्या पठाराशी किंवा कोकणातल्या सड्याशी त्याचे दुरून साम्य वाटते, पण सड्यावर पाय जांभ्या कातळावर पडतो आणि येथे तो पीटवर पडतो. पीट म्हणजे पाण्याने भरलेल्या, हवा न मिळालेल्या जागी पूर्ण न कुजता साठत गेलेला वनस्पतींचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि किंडरवर काही ठिकाणी त्याची जाडी माणसाच्या उंचीपेक्षा अधिक आहे, यावरून तो साठायला किती सहस्रके लागली असतील याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या खाली ग्रिटस्टोन नावाचा भरड वालुकाश्म आहे. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका प्रचंड नदीने मुखाशी आणून टाकलेल्या वाळूचा तो बनला आहे, आणि कडेवरचे चित्रविचित्र आकारांचे खडक याच दगडाचे आहेत.

पीट तयार करण्यात स्फॅग्नम या शेवाळाचा वाटा मोठा असतो. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. औद्योगिक क्रांतीच्या काळात मँचेस्टर परिसरातील गिरण्यांच्या धुराड्यांतून निघालेल्या गंधकयुक्त धुराने हे शेवाळ येथून जवळजवळ नाहीसे झाले. त्यात मेंढ्यांची अतिचराई आणि वणवे यांची भर पडली, जमीन उघडी झाली, आणि पावसाने तिच्यात खोल चर पाडले. त्या गिरण्यांत कातलेल्या कापसापैकी काही आपल्या वऱ्हाड-खानदेशातून मुंबईमार्गे गेलेला होता, विशेषतः १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या वर्षांत. त्यामुळे हा उघडा पडलेला काळा माळ पाहताना मला तो अगदीच परका वाटत नाही. १९८२ पासून हे पठार नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचे आहे आणि २००९ मध्ये ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. आज चरांमध्ये दगड आणि लाकडाचे छोटे बांध घालून पाणी अडवले जाते आणि स्फॅग्नमची रोपे हाताने लावली जातात. असा बांध वाटेत आला तर त्यावर पाय देऊन पलीकडे जाण्याचा मोह टाळावा.

झाडपाला पाहून जमीन वाचता आली तर बूट कोरडे राहतात. जांभळ्या फुलांचे हेदर दाट वाढलेले असेल तर तिथली जमीन त्यातल्या त्यात कोरडी आणि भरवशाची समजावी. मे-जूनमध्ये कापसाच्या बोंडासारखी पांढरी फुले डुलताना दिसतात, ते कॉटनग्रास. येथे जरा खाली वाकून पाहावे. एका काडीच्या टोकाला एकच गुबगुबीत ताठ बोंड असेल तर ते झुबक्यांनी वाढणारे गवत असते आणि त्या झुबक्यांवर पाय ठेवता येतो. एका काडीला तीन-चार बोंडे लोंबत असतील तर तिथे पाणी जास्त आहे, वळसा घालावा. आणि तजेलदार, पोपटी, गालिच्यासारखी सपाट हिरवळ दिसली की तिच्यावर पाऊल टाकूच नये, कारण त्या हिरवळीखाली पाणी आणि चिखल यांशिवाय काहीही नसण्याची शक्यता असते. काळे उघडे पीट कोरड्या आठवड्यात बुचासारखे लवचिक असते, आणि दोन दिवसांच्या पावसानंतर तेच गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेते.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिल्या फेरीसाठी मे ते सप्टेंबर हा काळ निवडावा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. हिवाळ्यात पाच तासांची चाल ठरवणाऱ्याने हे गणित आधी करावे. हवामानाचा अंदाज शहराचा न पाहता हवामान खात्याने पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांसाठी स्वतंत्रपणे दिलेला पाहावा, आणि त्यात पावसापेक्षा वारा व ढगांची उंची यांकडे अधिक लक्ष द्यावे. ढग ६०० मीटरच्या खाली येणार असतील तर माथा धुक्यात असणार हे उघड आहे, आणि अशा दिवशी नवख्याने दरीतल्या वाटांवर समाधान मानावे.

कपड्यांच्या बाबतीत आपली पावसाळी ट्रेकची सवय येथे घातक ठरते. सह्याद्रीत जुलैच्या पावसात नखशिखांत भिजलो तरी अंगाला फारसा गारठा लागत नाही, उलट मजाच येते. किंडरवर भिजलेल्या अंगाला वारा लागला की भर उन्हाळ्यातही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवावेत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर, आणि सर्वांत वर पाणी व वारा दोन्ही अडवणारे जाकीट व पँट असावी. टोपी आणि हातमोजे जूनमध्येही पिशवीत हवेत. बूट घोट्याला आधार देणारे असावेत, आणि मोज्यांची एक जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावी. परतीच्या गाडीत तिचे मोल कळते.

खाण्यासाठी थंडीत दगड न होणारे आणि हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल असे काही न्यावे. माझ्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दशम्या आणि थर्मासभर चहा असतो. पाणी घरूनच न्यावे. ओढ्यांचे पाणी स्वच्छ दिसले तरी वर मेंढ्या चरत असतात.

नकाशा हा भाग ऐच्छिक नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय संस्थेचा, एकास पंचवीस हजार प्रमाणाचा, 'ओएल १' क्रमांकाचा डार्क पीकचा नकाशा कागदी स्वरूपात घ्यावा आणि सोबत साधे होकायंत्र ठेवावे. मोबाइलवरचा नकाशा उपयोगी आहे, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि कित्येक ठिकाणी सिग्नल नसतो. वेळेचा अंदाज बांधायला १८९२ पासून वापरात असलेला नाइस्मिथचा नियम पुरेसा आहे : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नवख्याने येणाऱ्या उत्तरात निम्मी भर घालावी. कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार हे घरी किंवा खोलीवरच्या मित्राला लिहून द्यावे.

ईडेलहून जेकब्स लॅडरची वाट

किंडरच्या दक्षिण पायथ्याचे गाव ईडेल. मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर त्याचे स्वतःचे छोटे स्थानक आहे. मँचेस्टर पिकॅडिलीहून सुमारे पाऊण तास आणि शेफील्डहून साधारण अर्धा तास लागतो. जलद गाड्या येथे थांबत नाहीत, त्यामुळे परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा वहीत टिपून घ्याव्यात. स्थानकापासून गावाकडे जाताना राष्ट्रीय उद्यानाचे मूरलँड केंद्र लागते.

गावातून वर जाणाऱ्या दोन वाटा प्रसिद्ध आहेत. ग्राइंड्सब्रुकच्या घळीची वाट देखणी आहे, परंतु तिच्या वरच्या टप्प्यात मोठ्या दगडांवरून हात टेकत चढावे लागते. पहिल्या खेपेला जेकब्स लॅडरची वाट घ्यावी आणि त्याच वाटेने परत यावे. येऊन-जाऊन सुमारे चौदा किलोमीटर चाल होते आणि चारशे मीटरच्या आसपास चढ आहे. नाइस्मिथच्या नियमाने साडेतीन तास होतात, तुम्ही साडेपाच धरा.

ओल्ड नॅग्ज हेड या जुन्या खानावळीपाशी पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते. १९६५ मध्ये अधिकृतपणे खुली झालेली ही वाट सुमारे ४३० किलोमीटर उत्तरेला, स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. आपल्याला तिचा पहिला तुकडाच चालायचा आहे. शेतांमधून, दगडी कुंपणांच्या फाटकांतून ती अपर बूथ या वस्तीवर जाते. ईडेलच्या दरीत अशी पाच 'बूथ' आहेत; बूथ म्हणजे पूर्वी गुराख्यांचा आसरा, आपल्या भाषेत वाडाच. प्रत्येक फाटक जसे सापडेल तसे सोडावे, म्हणजे बंद असेल तर पुन्हा बंद करावे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या माळावर कुत्र्याला आखूड दोरीवर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर घरटी करतात.

अपर बूथनंतर ओढ्यावरचा एक अरुंद दगडी पूल लागतो. पूर्वी मालवाहू तट्टांचे तांडे या पुलावरून पलीकडे जात असत. पुलापलीकडे फरसबंद पायऱ्यांचा दमछाक करणारा चढ आहे, तोच जेकब्स लॅडर. अठराव्या शतकात येथे शेती करणाऱ्या जेकब मार्शलचे नाव त्याला मिळाले आहे. चढ संपला की घाईने पुढे न जाता थांबावे, जाकीट चढवावे आणि नकाशा उघडावा. डोंगर खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

कडेवरून पुढे

येथून उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे वळणारी वाट ईडेल रॉक्सच्या खडकांवरून किंडर लोला पोहोचते. या जागी खडकावर उभारलेला सर्वेक्षणाचा पांढरा स्तंभ आहे आणि त्याची उंची ६३३ मीटर आहे. बहुतेक लोक यालाच माथा समजतात, आणि पहिल्या दिवसापुरता तुम्हीही समजावा. अंगात बळ आणि हातात वेळ असेल तर आणखी सुमारे दोन किलोमीटर पश्चिम कड धरून किंडर डाउनफॉलपर्यंत जावे, पण मग एकूण चालीत चार किलोमीटरची भर पडते हे विसरू नये. जाताना उतार आणि खालच्या किंडर जलाशयाचे पाणी डाव्या हाताला राहिले पाहिजे, येताना उजव्या हाताला. एवढे एक वाक्य पाठ असेल तर या टप्प्यात चुकणे अवघड आहे.

डाउनफॉल हा सुमारे तीस मीटरचा धबधबा आहे. कोरड्या उन्हाळ्यात तिथे फक्त काळा ओला खडक दिसतो, आणि पावसानंतर पश्चिमेचा वारा जोरात असेल तर खाली पडणारे पाणी उलटे वर उडते. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला हे दृश्य पाहिलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही, पण येथे ते पाणी बर्फासारखे गार असते आणि ते तुमच्याच अंगावर येते, म्हणून काठापासून मागे आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे.

या कडेवर आज कोणीही मुक्तपणे चालू शकतो, पण ते नेहमीच तसे नव्हते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा माळ जमीनदारांच्या ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता आणि शेजारच्या शहरांतील कामगारांना तिथे पाऊल टाकायला मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे लोक पश्चिम पायथ्याच्या हेफील्ड गावाहून ठरवून वर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, आणि नंतर पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. पीक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क देणारा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये २००० साली आला. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाल्यावर, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशरांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. डाउनफॉलपाशी डबा उघडताना मला त्या पोरांची आठवण होते, आणि म्हणूनच तिथे संत्र्याची एक साल पडलेली दिसली तरी वाईट वाटते.

थांबलात तर जरा कानोसा घ्यावा. एकाच सुरातली उदास शीळ ऐकू आली तर ती टिटवीच्या सोनेरी जातभाईची, म्हणजे गोल्डन प्लोव्हर या पक्ष्याची. हिवाळ्यात पांढरे होणारे डोंगरी ससेही येथे आहेत. एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेल्या सशांचे हे वंशज आता इंग्लंडमध्ये याच भागात उरले आहेत, आणि बर्फ नसलेल्या दिवशी काळ्या पीटवर त्यांचा पांढरा ठिपका दुरूनही नजरेस पडतो. माळावर आग मुळीच पेटवू नये. पीट आतल्या आत धुमसते, आणि जून २०१८ मध्ये उत्तरेकडच्या सॅडलवर्थ मूरची आग विझवायला लष्कराला यावे लागले होते.

धुके आले तर

धुके येथे दरीतून चढताना दिसेलच असे नाही. पुष्कळदा ते जागच्या जागी दाटते आणि दहा मिनिटांत वीस पावलांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी पहिली कृती म्हणजे उभे राहणे. शेवटची निश्चित ओळखलेली जागा नकाशावर शोधावी, होकायंत्राने उत्तर ठरवावी आणि कड कोणत्या बाजूला आहे ते पक्के करावे. आलेल्या वाटेने परत फिरणे हा जवळजवळ नेहमीच योग्य निर्णय असतो. दरीत लवकर उतरण्यासाठी अनोळखी घळीत शिरू नये, कारण त्या घळींच्या तोंडाशीच कडे आहेत.

सोबत्याकडे लक्ष ठेवावे. तो थरथरू लागला, शब्द अडखळू लागले, पाय वेडेवाकडे पडू लागले किंवा शांत माणूस विनाकारण चिडू लागला, तर ते थंडी आत शिरल्याचे लक्षण आहे. आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणे, गरम चहा, या क्रमाने हालचाल करावी आणि 'थोडेच राहिले आहे' असे म्हणून त्याला ओढत नेऊ नये.

मदत लागल्यास ९९९ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे, आणि नकाशावरील चौकटींचे आकडे वाचून आपली जागा सांगावी. फोन लागत नसेल तर शिट्टीचे सहा आवाज करून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सहा आवाज करावेत. येणारी माणसे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे खरी गरज असेल तर संकोच करू नये, आणि गरजच पडू नये यासाठी वेळीच मागे फिरावे.

६३६ मीटरची जागा

किंडर लोच्या स्तंभापासून ईशान्येला, किलोमीटरच्या आत, डोंगराची खरी सर्वोच्च जागा आहे. ती पठाराच्या पोटात आहे आणि तिथे नजरेत भरेल असे काहीही नाही. पेनाइन वे सुरुवातीला ग्राइंड्सब्रुकहून पठाराच्या मधूनच जात असे. जमिनीची झीज होऊ लागली आणि माणसेही वाट चुकू लागली, म्हणून ती जेकब्स लॅडरवर आणली गेली. यावरून या मधल्या भागाचा स्वभाव ध्यानात यावा.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता, आणि त्याच भरवशावर मी होकायंत्र पिशवीतून काढले नाही. पठाराच्या मध्यभागी पीटमध्ये पडलेल्या चरांना येथले लोक ग्रफ म्हणतात. मी एका चरात उतरलो. दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर चॉकलेटी भिंती, तळाला पांढरट वाळू आणि वर आकाशाची पट्टी. चर वळेल तसे वळत होतो, फाटा आला की बरा दिसेल तो घेत होतो. चाळीस मिनिटांनी वर चढून आलो तर समोर जलाशयाचे पाणी चमकत होते, जे माझ्या हिशोबाने पाठीमागे असायला हवे होते. चरात माणूस स्वतःची दिशा ठरवत नाही, पाणी ज्या बाजूने वाहत गेले ती दिशा त्याच्यावर लादली जाते.

तेव्हा कडेवरच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावरच, स्वच्छ हवेत आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ टळल्यावर, ही जागा शोधायला जावे. स्तंभापाशी बसून नकाशावरून कोन, म्हणजे ती जागा उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते, काढावा आणि परतीचा उलट कोनही त्याच वेळी वहीत लिहून ठेवावा. चर आडवा आला की पलीकडच्या काठावरचा एखादा हेदरचा झुबका किंवा दगड आपल्या रेषेत धरून ठेवावा, चर सरळ ओलांडून त्याच खुणेवर चढावे आणि तिथे पुन्हा कोन घ्यावा. पावले मोजावीत. ठरलेल्या अंतराच्या दीडपट चालूनही जागा सापडली नाही तर शोध सोडून द्यावा आणि होकायंत्रावर पश्चिम धरून चालू लागावे, कारण त्या बाजूला, वाटेत कितीही चर ओलांडावे लागले तरी, पठाराची कड आणि तिच्यावरची मळलेली वाट आडवी येतेच.